वळणावरची तीन मिनिटं

कॉलेजच्या लॅबमधल्या दोन्ही कॉम्प्युटरवर एकच प्रोग्राम होता. गावांची यादी तीच, वेळा त्याच, दुधाचे लिटरही तेच. फक्त सगळ्यात वरच्या ओळीतलं नाव वेगळं होतं. एकावर स्नेहल, दुसऱ्यावर शुभांगी.

गावाचं नाव टाकलं की दुधाचा टेम्पो तिथं किती वाजता पोचेल ते हा प्रोग्राम सांगायचा. टेम्पो वेल्ह्याहून निघून विंझरवरून नसरापूरला जाणारा. तो स्नेहलचे वडील चालवायचे. त्यांना जाऊन पाच महिने झाले होते.

एकीनं लिहिलाय आणि दुसरीनं उचललाय, मॅडम म्हणाल्या. उचलणारीला शून्य मिळेल. कुणी उचलला ते आत्ताच सांगितलं तर गोष्ट या लॅबच्या बाहेर जाणार नाही.

शुभांगीनं प्रोग्राम आपला असल्याचं सांगितलं. स्नेहलनंही तेच सांगितलं, आणि वर म्हणाली, "टेम्पो माझ्या बाबांचा होता, मॅडम."

मॅडमची नजर मऊ झाली. ते स्नेहलला दिसलं. शुभांगीलाही दिसलं असावं, कारण तिनं मान खाली घातली.

आपण खोटं बोललो असं स्नेहलला वाटलं नाही. मागच्या आठवड्यात नऊ नंबरच्या कॉम्प्युटरवर तिनं शुभांगीचा प्रोग्राम उघडला होता, नुसता बघायला. आत बाबांचा सगळा रस्ता होता. कुठल्या गावात कॅन कधीच वेळेवर भरलेले नसतात, कुठल्या चढाला चार मिनिटं जास्त लागतात, सगळं. घरी त्यांनी यातलं एक अक्षर कधी सांगितलं नव्हतं. स्नेहलला त्यांनी अकरावीपासून भोरच्या हॉस्टेलवर ठेवलं, रोजचा प्रवास नको म्हणून. आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर दोन वर्षं बसली ती शेजारच्या घरातली शुभांगी. नसरापूरपर्यंत टेम्पोनं यायची, तिथून एसटीनं कॉलेजला. स्नेहल तो प्रोग्राम तासभर वाचत राहिली होती. मग तिनं तो आपल्याकडे घेतला आणि वरचं नाव बदललं. मार्कांचा विचार तिच्या मनात आलाच नव्हता.

मॅडमनी यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. विंझरच्या पुढची ओळ. तिथं गावाचं नाव नव्हतं, नुसतं 'वळण' लिहिलेलं होतं.

"इथं दूध शून्य लिटर, आणि थांबा तीन मिनिटांचा. का? स्नेहल, तू सांग आधी."

स्नेहलनं ती ओळ पाहिलेली होती. पण तिला कधी प्रश्न पडला नव्हता.

"इंजिन गार करायला," ती म्हणाली.

"सकाळी पावणेसातला?"

शुभांगी हसली नाही. तिनं स्नेहलकडे पाहिलंही नाही. "तिथं रेंज येती, मॅडम," ती म्हणाली. "त्याच्या अलीकडं पलीकडं न्हाई. काका तिथं टेम्पो उभा करून हिला फोन लावायचं."

"तीन मिनिटं बोलायचे?"

"छ्या. ही दहा सेकंदात ठेवायची. आवरतेय, मग करते, म्हणायची. मग काका तिथंच थांबायचं. पुढं गेलं की रेंज जाती ना. म्हणायचं, करते म्हणलीय, करंल. मला लई राग यायचा हिचा. रोज माजी एसटी चुकायची. आन् मला घरनं कोण असा फोन करतंय."

मॅडमनी त्या ओळीवरचं बोट उचललं.

"प्रोग्राम तिचा आहे," स्नेहल म्हणाली.

मॅडमनी तिच्या नावापुढं शून्य लिहिलं आणि वही मिटली.

दोघी एकामागून एक जिना उतरल्या. कॉलेजच्या फाटकापाशी शुभांगी एसटी स्टँडकडे वळली. स्नेहलनं तिला हाक मारली.

"नवा ड्रायव्हर थांबतो का गं तिथं?"

"न्हाई," शुभांगी म्हणाली. ओढणीचं टोक ती बोटाला गुंडाळत होती. "आता माजी एसटी कदीच चुकत न्हाई."