दुसरी फेरी

"मुलगा पसंत आहे ना गं?" गेल्या दिवाळीत बाबांनी एकदाच विचारलं होतं आणि राजसीने नुसती होकारार्थी मान हलवली होती.

आज दिनानाथ उल्हासनगरहून तिच्या लग्नाचा बस्ता बांधून आले. साड्यांचे गठ्ठे खाली ठेवून भिंतीला टेकले. राजसी उद्या कॉलेजात घ्यायच्या तासाची तयारी करत होती.

"काय शिकवणार उद्या?" त्यांनी पाय चेपत विचारलं.

"सॉफ्टवेअर बनवायच्या दोन रीती. वॉटरफॉलमध्ये गिऱ्हाइकाला सुरुवातीला एकदाच विचारतात, मग थेट तयार वस्तू हातात. स्पायरलमध्ये प्रत्येक फेरीला थांबून परत विचारतात. नको असेल तर काम तिथेच बंद."

"अगं, पण तोवर एवढी धावपळ झालेली असते, तिचं काय?"

"ती वाया जाते, बाबा. पण नको असलेली वस्तू गळ्यात पडत नाही."

पंखा जात्यासारखा घरघरत राहिला. गठ्ठ्याची गाठ सोडता सोडता दिनानाथांचा हात थांबला.

"राजसी, परत विचारू?"

तिने पुस्तक मिटलं.

"पसंत नाही, बाबा. तेव्हाही नव्हता."