राखाडी मशीन

"आता क्लॅरिनेट लावा," इब्राहीम म्हणाला.

दुकानदार बाबुलालनं काळ्या मशीनचं बटण दाबलं. काउंटरवर दोन सिंथेसायझर मांडले होते, एक काळी मशीन आणि एक राखाडी. बासरी, सतार, व्हायोलिन सगळं ऐकून झालं होतं. इब्राहीमनं तेही नीट ऐकलं होतं, पण जीव अडकला होता तो या एका आवाजात.

"तूच वाजवून पाय ना," मागून धनराज म्हणाला. "त्यायच्या हातानं काय समजते?"

धनराज हा झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीचा मालक. दिवाळी उलटली की त्याची कंपनी गावोगाव फिरायची, पहाटेपर्यंत नाटकं चालायची. वीस-बावीस वर्षं इब्राहीम स्टेजच्या पुढ्यात बसून त्या नाटकांना क्लॅरिनेट वाजवत होता. नायिका रडायला लागायची, पण तिच्याआधी त्याचं क्लॅरिनेट रडायचं. बायाबापड्या पदर डोळ्याला लावायच्या ते त्या आवाजानं, नायिकेला आपलं उगाच वाटायचं की आपल्यामुळे.

पोळ्याच्या सुमाराला धनराज घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "यंदापासून क्लॅरिनेट बंद, इब्राहीमभाई. सगळ्या कंपन्यायनं मशीन घेतली, आपनही घेऊ. तू चाल संगं. तुह्यासारखा कान कोनाले नाई."

ज्याची खुर्ची काढायची त्यालाच नवी खुर्ची पसंत करायला न्यायचं, असला हा मानपान. त्याची बायको जरीना आतून सगळं ऐकत होती. धनराज गेल्यावर ती खूप बोलली, मग रडली. इब्राहीम जेवला, हात धुतला आणि झोपला. त्याला वाईट वाटायला हवं होतं. तेव्हापासून तो वाट पाहत होता, पण काहीच वाटत नव्हतं. दाढ काढताना गाल बधिर करतात, तसं सगळं अंगच झालं होतं.

पुढे काय होणार ते त्याला ठाऊक होतं. शेजारच्या कंपनीत मंगरू क्लॅरिनेट वाजवायचा. तिथं मशीन आली, ती वाजवायला वडसा गावचा एक तरुण आला, आणि मंगरू आता त्याच मंडपाबाहेर चणे-फुटाणे विकत होता. आत गाणं सुरू झालं की त्याची बोटं पुडीवर हलायची. हे इब्राहीमनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यानं काळ्या मशीनवर बोटं ठेवली. लहानपणी बापाच्या पेटीवर घोटलेला हात तो. कंपनीतला पेटीवाला आजारी पडला की अजूनही इब्राहीमच निभावून न्यायचा. तिसऱ्या अंकातली रडण्याची धून त्यानं वाजवली.

आवाज अस्सल होता. फुंक लाकडातून जाताना जी बारीक खरखर होते, तीसुद्धा त्यात होती. आणि सूर कितीही लांबवला तरी तुटत नव्हता. इब्राहीमचा हल्ली तुटायचा. समोरचे दोन दात गेल्यापासून वारा बाजूनं निसटायचा, छातीही साथ देईना. कुणाच्या लक्षात आलेलं नाही, अशी त्याची समजूत होती.

"आता ही," म्हणत बाबुलालनं राखाडी मशीन पुढं सरकवली.

तीच धून इब्राहीमनं तिच्यावर वाजवली. आवाज जत्रेतल्या पुंगीसारखा निघाला. दोन पट्ट्या दाबल्यावर वर यायलाच तयार नव्हत्या. बोट जड पडत होतं.

"कशी हाय?" धनराजनं विचारलं. "बोटाले जमते का?"

इब्राहीमनं मनात हिशेब केला. ही मशीन कंपनीत गेली तर पहिल्याच नाटकात लोक शिट्ट्या मारतील. नायिका रडेल आणि मंडप हसेल. संक्रांतीच्या आत धनराज पुन्हा दारात येऊन म्हणेल, चाल बाबा, काढ तुहं क्लॅरिनेट. काळी गेली तर मात्र कुणाला त्याची आठवणही होणार नाही.

"हीच घ्या," तो म्हणाला.

"राखाडी?" बाबुलाल चकित झाला. "भाऊ, लोकं काळीसाठी भांडतात. ही तं किती दिवसाची पडून हाय."

धनराजनं इब्राहीमच्या तोंडाकडे पाहिलं. "पक्कं ना? पुन्हा पाय पाह्यजे तं. घाई नाई."

"पक्कं. काळीचा आवाज दुकानात गोड वाटते. मंडपात नाई टिकनार."

खोटं बोलताना जीभ अडखळेल असं त्याला वाटलं होतं. अडखळली नाही. वीस वर्षांत त्यानं धनराजला एकदाही बेसूर सांगितलं नव्हतं, हे मनात आलं आणि तसंच निघून गेलं.

"मंग झालं," धनराज बाबुलालकडे वळला. "तुमाले दुकान चालवाचं हाय, तुमी काळी म्हनानच. याचा शब्द मले पुरे. बांधा राखाडी. अन् एकदा नेली का हंगामभर तीच, मी काही पुन्हा येत नाई."

बाबुलालनं खांदे उडवले. मशीन खोक्यात घातली, वरून सुतळी आवळली. काळी मशीन त्यानं उचलून पुन्हा फळीवर ठेवली. इब्राहीमनं तिकडे पाहिलं नाही.

"वाजवनाऱ्याले एखाद दिवस पाठवा," गाठ मारता मारता बाबुलाल म्हणाला. "बटनं समजावून देतो."

"पाठवाचं काय? तो काय तुमच्यापुढं उभा हाय," धनराजनं इब्राहीमच्या पाठीवर हात ठेवला. "दम तुटते आता याचा, दोन वर्सापासून पाह्यतो मी. बोटं शाबूत हायेत. म्हनून तं मशीन याच्याच पसंतीनं घेतली."