शिवणीतली माया

महापौरांचा मानाचा झगा पहिल्यापासून एकच, आतली माणसं बदलत गेली. तो माझ्या आजोबांनी शिवला. बारीक माणूस निवडून आला की आम्ही आवळतो, जाडा आला की सैल करतो. म्हणून शिवणीत बोटभर जादा कापड ठेवलेलं असतं, आम्हा शिंप्यांच्या भाषेत माया. मागचे महापौर माप देताना हसून म्हणाले होते, "सैलच असू द्या, आम्ही चार दिवसांचे पाहुणे." नव्या साहेबांनी आज झगा उलटा करून पाहिला. "हे आत काय ठेवलंय? कापून टाका." "साहेब, पुढच्याला लागेल," मी म्हणालो. "कोण पुढचा?" त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. मी कात्री उचलली. कापडाच्या पट्ट्या जमिनीवर पडल्या. आरशात बघत साहेबांनी सोबत आलेल्या सचिवांना विचारलं, "पुढच्या निवडणुकीचं तुम्ही काय म्हणत होतात?" सचिवांनी त्या पट्ट्यांकडे क्षणभर पाहिलं. "कसली निवडणूक, साहेब?"