दिजलेवरची मेणबत्ती

खजुराच्या झावळीच्या देठाचा तुकडा आणि त्यावर पेटवलेली मेणबत्ती. नजिबाने ती दिजला नदीत सोडली आणि घोटाभर पाण्यात तशीच उभी राहिली. खिदर इलियास या पिराच्या सणाची संध्याकाळ होती. काठावर बायकांची झुंबड उडाली होती. जिची मेणबत्ती जळती पलीकडे पोचेल, तिची इच्छा खिदर पुरी करतो. नजिबाची इच्छा अख्ख्या मोहल्ल्याला पाठ होती. लढाईवर गेलेला तिचा होणारा नवरा मुहसिन परत यावा, एवढीच.

"एक सांगू?" ती धाकट्या भावाला म्हणाली. "यंदा विझली ना, तर मी जमील मास्तरांना हो म्हणणार."

हातेमने चटकन नदीकडे पाहिलं. जमील मास्तर विधुर, सज्जन, तिच्यासाठी थांबलेले. तिला समजावून घरचे थकले होते. आणि आत्ताच, नेमका आत्ताच, अबू शाकिर नावाडी होडी घेऊन मेणबत्तीच्या मागे गेला होता. दरवर्षी जायचा. हातेमनेच त्याला गळ घातली होती. वारा अडवा, विझली तर पेटवा, पण पोचवा. पहिल्या वर्षी ताईचं रडणं बघवलं नव्हतं. माणूस आशेवर जगतो, असं त्याला तेव्हा अगदी मनापासून वाटायचं. वेडा कुठला!

"काका, परत या! राहू द्या यंदा!" तो ओरडला. बायकांच्या कलकलाटात कोण ऐकणार? पलीकडच्या काठाला उजेडाचा ठिपका टेकला आणि बायकांनी एकच जल्लोष केला.

"पोचली," नजिबा म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता. हातेमला ते ऐकवेना.

"ताई, ती आपोआप नाही पोचत. मीच सांगतो काकांना, दरवर्षी."

"गप रे! मला उजवायची एवढी घाई झालीय? खिदरच्या दिवशी तरी थापा मारू नकोस."

होडी काठाला लागली. नजिबाने तिथूनच विचारलं, "काका, हा काय म्हणतोय बघा. तुम्ही हात लावता माझ्या मेणबत्तीला?"

अबू शाकिरने हातेमकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"छे गं पोरी! खिदरच्या कामात ढवळाढवळ करणारा मी कोण?"

तिने हलव्याची वडी पुढे केली. म्हाताऱ्याने सवयीने हात पसरला. तळव्यावर पांढऱ्या मेणाचे ओघळ होते, ताजेच थिजलेले.

नजिबा बघत राहिली. मग तिने नखाने ते मेण अलगद खरवडून काढलं, वडी तिथे ठेवली आणि त्याची बोटं मिटवली.

"हातेम," मान वर न करता ती म्हणाली, "पोचली म्हणजे पोचली. मास्तरांना नाही म्हणून कळव."