आकड्याचा मंगळवार

"थांब हं, पेन शोधते," रेलीन म्हणाली. पेन तिच्या हातातच होतं.

मागच्या अंगणात दोरीवरच्या चादरी नुसत्या फडफडत होत्या. समुद्रकाठच्या जेराल्डटन गावचा वारा तो, झाडांनासुद्धा आडवं करतो! तिकडे दूर, विमानानंच जावं लागतं इतक्या लांब, खाणीच्या छावणीतल्या भटारखान्यात तिचा नवरा वॉरिक फोन धरून गप्प उभा होता. नुसता श्वास ऐकू येत होता. तिला तेवढाही चालला असता.

"मिळालं का?"

"मिळालं. बोल."

त्यानं आकडा सांगितला. पंधरवड्याचा पगार, कर-बिर कापायच्या आधीचा. फोन खांद्यात धरून तिनं तो तळहातावर लिहिला आणि पटकन विचारलं, "जेवायला काय केलं होतंस रे?"

"मटण."

"आणि तो कावळा? येतो अजून?"

"येतो. काल सॉसेज पळवलं."

ती हसली. तोही हसला बहुतेक. मग म्हणाला, "चल, पाव टाकायचेत," आणि ठेवला फोन.

संपलं. दोन आठवड्यांचं बोलणं ते एवढंच.

भांडण नव्हतं हो त्यांचं! भांडण असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं. तो तीन आठवडे छावणीत, एक आठवडा घरी. घरी आला की शेडमध्ये गळ आणि दोऱ्या घेऊन बसायचा. मुलगी लग्न करून पार पर्थला. बाकीच्या दिवशी रेलीननं फोन केला की विचारायचा, "काही काम होतं का?" काम कुठलं असायला? "नाही रे, असंच," ती म्हणायची, आणि दोघंही अवघडून जायचे.

आकड्याचा मंगळवार मात्र वेगळा. शेवंड मासळी पॅक करायचा कारखाना बंद पडला, रेलीनची नोकरी गेली, तेव्हापासून तिला सरकारकडून बेकारीचे पैसे मिळायचे. पण ते ठरायचे वॉरिकच्या पगारावर. त्याला जास्त तास मिळाले की हिचे पैसे कमी. त्याचे तास घटले की हिचे वाढले. म्हणून एका आड एक मंगळवारी तिला त्याचा आकडा सरकारला कळवावा लागायचा. त्या दिवशी वॉरिक पहिल्या रिंगला फोन उचलायचा. काम होतं ना!

आणि मग, ख्रिसमसच्या आधी, इथला उन्हाळा लागताना, तो नोकरीत पक्का झाला. मदतनीसाचा आचारी झाला, पगार वाढला. हिचे पैसे लगेच शून्यावर आले आणि उन्हाळा सरता सरता नावच निघालं यादीतून. आता तो आकडा कुणालाच नको होता.

तिनं त्याला सांगितलंच नाही.

"अगं, मग आता नवऱ्याला कशाच्या नावानं फोन करतेस?" शेजारची डॉट कुंपणावरून ओरडली.

"आकडा विचारायला."

"कुणासाठी गं बाई?"

"त्याला कुठे माहितीये!"

डॉट खो खो हसली. रेलीनही हसली. मग घरात जाऊन तिनं एक कप चहा केला आणि उभ्या उभ्याच प्यायला. त्याला कळलं की संपलं. मग मंगळवारीही तेच, "काही काम होतं का?" नुसत्या विचारानं तिला धडकी भरायची.

आणि पुढच्या आकड्याच्या मंगळवारी फोन भलत्यानंच उचलला.

"ताई, मी टेविता. वॉरिकबरोबर असतो भटारखान्यात. त्याचे हात पिठात होते, धुतोय बघा घाईघाईनं. ठेवू नका हां!"

"नाही ठेवत."

टेविता भलताच बोलका. "मंगळवारी याचं असंच असतं. सकाळपासून फोन ओट्यावर, कुणी हात लावायचा नाही. आज मी लावला, खाणार आता शिव्या! पण ताई, तुमचे पैसे कसे काय चालू राहिले हो? आम्ही दोघं एकाच दिवशी पक्के झालो. माझ्या बायकोचे तेव्हाच बुडाले. मी यालाही सांगितलं होतं, तुझ्या बायकोचेही गेले समज."

"कधी सांगितलंत?"

"तेव्हाच की! ख्रिसमसच्या आधी. आता विचारलं तर म्हणतो, गप रे, तिला आकडा लागतो."

रेलीननं मनात महिने मोजले. ख्रिसमसच्या आधी. म्हणजे उन्हाळाभर त्याला माहीत होतं. म्हणजे त्या कावळ्याच्या मंगळवारीसुद्धा.

तिकडे नळ बंद झाला. फोन या हातातून त्या हातात गेल्याची खरखर झाली. आता सगळं सांगून टाकावं, तिला वाटलं. पण तेवढ्यात वॉरिकनं घसा खाकरला.

"आकडा सांगतो," तो म्हणाला. "पण आधी पेन शोध. सावकाश शोध. मी आहे इथं."