आचार्यांनी विहीर खुली केली

‘पाणी देवाचं आहे, त्यावर माणसाची मालकी नाही,’ असं भीमाचार्यांनी ओट्यावर उभं राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं जाहीर केलं आणि मग जानव्याला बांधलेली किल्ली घेऊन ते गल्लीकडच्या परसदाराचं कुलूप काढायला गेले. कुलूप त्यांच्या वडिलांच्या वेळचं होतं. दुसऱ्या कुणासाठी ते आजवर उघडलं नव्हतं. ते उघडायला अर्धी वाटी एरंडेल आणि दोन शेजारी लागले.

अठ्ठावन्न सालचा उन्हाळा होता. कानडी मुलखातल्या चामराजपेठेतल्या त्या गल्लीत नळाला दिवसाआड तासभर पाणी येई. आचार्यांच्या विहिरीला मात्र बारमाही पाणी होतं. त्या दिवशी सकाळीच एक माणूस तिच्यात गळ टाकून गेला होता. पोहरा पडला असेल, असं गल्लीनं गृहीत धरलं.

समोर राहणारा चंद्रकांत सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता. पुण्याहून येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. तो भारावून घरात आला.

“हेमलता, ऐकलंस? पुण्यात असा एक माणूस दाखव.”

“पुण्यात मी विहिरीला कुलूपही पाहिलं नव्हतं,” हेमलता म्हणाली. पण कळशी घेऊन निघाली.

तिला पाण्याची गरज होती. सहा वर्षांची कल्पना नुकतीच विषमज्वरातून उठली होती. अजून भिंत धरून चालायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, “पाणी सांभाळा. हा ताप उलटला तर पोरीला झेपणार नाही.”

विहिरीपाशी आचार्य स्वतः पाटावर बसलेले असत. हातात तुळशीची माळ. घागर भरली की त्यांचे ओठ हलत आणि एक मणी सरके. दिलेल्या प्रत्येक घागरीमागे देवाचं नाव घेणारा माणूस गल्लीनं पहिल्यांदाच पाहिला.

“एवढंच?” ते हेमलताला म्हणाले. “अजून चार न्या, अक्का. अंगण धुवा, झाडांना घाला.”

“तुम्हाला कमी पडेल, आचार्य.”

“पडू दे.”

आणि ते नुसतं बोलून थांबले नाहीत. त्यांच्या पत्नी पद्मावतीबाई या वयात, ओलेत्यानं, कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावर रांगेत उभ्या राहू लागल्या. कुणी विचारलं तर म्हणत, “विहीर सध्या तुम्हा लोकांची. आम्ही नळाच्या स्वल्प पाण्यावर भागवतो.”

हे ऐकून रांगेतल्या दोघींनी डोळ्यांना पदर लावला. पुढचा नंबर मात्र कुणी दिला नाही.

हेमलता पाणी उकळून गाळून घेत असे. शेजारच्या गोदूबाईंनी ते पाहिलं आणि त्या चुलीपाशीच बसल्या.

“आचार्यांच्या विहिरीचं पाणी उकळता होय?”

“डॉक्टरांनी सांगितलंय.”

“डॉक्टर नळाबद्दल बोलले असतील. तो बिचारा म्हातारा तुमच्या पोरीसाठी स्वतः नळाचं पितो, आणि तुम्ही त्याचं पाणी चुलीवर ठेवता. त्यांना कळलं तर काय वाटेल?”

हेमलताला शरमल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून पाण्याचं पातेलं चुलीवर चढलं नाही.

रविवारी आचार्यांचा सत्कार झाला. पुढाकार अर्थातच चंद्रकांतचा. शाल, नारळ, आणि शेजारधर्मावर त्याचं पाऊण तासाचं भाषण. शेजारी राहणं आणि शेजारी असणं यांतला फरक त्यानं तीनदा समजावून सांगितला. आचार्य उत्तराला उभे राहिले.

“यात माझं काही नाही,” ते म्हणाले. “जे केलं ते तुम्ही केलं.”

टाळ्या वाजल्या. आचार्यांनी हात वर करून त्या थांबवल्या.

“सरी, बरं. पण सत्कार आहे म्हणून पाणी काढायचं थांबवू नका. मी आलोच तिकडे.”

एवढ्या नम्रतेची गल्लीला सवय नव्हती. बऱ्याच जणांनी त्या दिवशी गरज नसताना दोन-दोन घागरी जास्त नेल्या.

बुधवारी कल्पनाला ताप भरला. गुरुवारी ती पाणीसुद्धा पोटात ठेवीना. दुपारी हेमलता तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसली असताना पद्मावतीबाई आल्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. आत त्या कधीच येत नसत.

“पोर कशी आहे, अक्का?”

“ताप उलटला. डॉक्टर विचारत होते, पाणी कुठलं देता? मी म्हटलं, आचार्यांच्या विहिरीचं. त्याची शंकाच घेऊ नका.”



“प्यायला दिलंत होय?” पद्मावतीबाई म्हणाल्या. “आम्हाला वाटलं, धुण्याला नेता.”

हेमलताचा हात पट्टीवर थांबला.

“कुत्रं पडून मेलं होतं हो त्यात. मठातल्या शास्त्र्यांनी सांगितलं, एक हजार आठ घागरी उपसा, मगच शुद्धी. आम्ही दोघं म्हातारी, कुठून उपसणार? काल पुऱ्या झाल्या. आज सकाळी पंचगव्यही घातलं. तुम्ही सगळ्यांनी मिळून फार केलंत बघा.”

खाटेवरून कल्पनानं पाणी मागितलं. हेमलता उठली नाही.

पद्मावतीबाई दोन पायऱ्या उतरल्या आणि काहीतरी आठवून वळल्या.

“तेवढं एक करा, अक्का. तुमची कळशी विहिरीच्या कठड्यावर राहिलीय, ती कठड्याला न शिवता लांबूनच काठीनं ओढून घेऊन जा. तुमच्याकडे कांदा चालतो. चुकून आत पडली, तर आम्हाला पुन्हा सगळं उपसावं लागेल.”