दुसरं कारण

मृण्मयी भांडायच्या तयारीनेच शाळेत आली होती. ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली, सायकल दामटली, हॉलंडमधल्या या रायस्वाइक गावच्या वाऱ्याशी वाटेत एकदा भांडून झालं होतं. आता ऋताच्या वर्गशिक्षिकेची पाळी होती.

यूफ मारलाइन समोर बसल्या होत्या. शाळेतल्या बाईंना इथे यूफ म्हणतात. शेजारी अकरा वर्षांची ऋता, कारण मुलांविषयीचं बोलणं मुलांच्या पाठीमागे करायची इथे पद्धत नाही. टेबलावर एक कागद. फेब्रुवारीतल्या परीक्षेत ऋताला ‘फेवेओ’चे गुण पडले होते. फेवेओ म्हणजे थेट विद्यापीठात नेणारी शाळा. कागदावर मात्र शाळेने शिफारस केली होती ‘हावो’ची, एक पायरी खालची. ऋताला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. त्या कॉलेजची सरळ वाट फेवेओतूनच जात होती, आणि उद्या हा कागद कायम होणार होता.

“पोरीने परीक्षेत करून दाखवलंय. मग शाळेचं मत खाली कसं?” मृण्मयीने इंग्रजीत विचारलं. आवाज चढू द्यायचा नाही असं तिने सायकलवर ठरवलं होतं. तो चढलाच.

“कारणं लिहिली आहेत,” यूफ शांतपणे म्हणाल्या आणि डचमधली एकेक ओळ तिला इंग्रजीत सांगू लागल्या. “एक, घरी डच बोललं जात नाही.”

हे येणार हे मृण्मयीला ठाऊकच होतं. यावर तिची जय्यत तयारी होती. घरात मराठी बोलतात म्हणून पोरीचं गणित अडलं का, की डचचा एक तरी पेपर अडला, असं विचारायला तिने तोंडही उघडलं.

“दोन. मुलगी स्वतःहून अभ्यास करत नाही. आई मागे लागली तरच पुस्तक उघडते. समजून घेत नाही, नुसतं पाठ करते. घरी आळशी आहे.”

मृण्मयी खुर्चीतून अर्धी उठली. “कोणी सांगितलं तुम्हाला हे? साफ खोटं आहे!”

यूफ गोंधळल्या. त्यांनी फाइल उघडली, मागचं एक पान काढलं.

“तुम्हीच सांगितलंत. नोव्हेंबरच्या भेटीत. मी तुमचेच शब्द उतरवून घेतले होते.”

मृण्मयी मटकन खाली बसली.

बोलली होती. अगदी हेच बोलली होती. ऋता गणितात फार छान आहे असं यूफ म्हणाल्या आणि हिने लगेच हात झटकले होते. छे हो, कसलं काय! मी मागे लागते म्हणून. पाठ करते नुसतं. घरी तर इतकी आळशी! आपल्या पोरीचं कौतुक आपल्याच तोंडाने करायचं नसतं, दृष्ट लागते, हे तिच्या हाडीमासी खिळलेलं. पुण्यात यावर बाई म्हणतात, “अहो, असं काय म्हणता, गुणी आहे हो लेक,” आणि दोघीजणी हसत आपापल्या कामाला लागतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तिथे कोणी ते लिहून घेत नाही.

ऋताच्या वर्गातल्या फ्लूरची आई शाळेच्या फाटकाशी भेटेल त्याला सांगायची, आमची फ्लूर फार हुशार आहे, ती फेवेओच करणार. मृण्मयीला तेव्हा त्या बाईची चक्क कीव आली होती. फ्लूर फेवेओला चालली होती.

“ते... आमच्याकडे असं नुसतं म्हणतात,” मृण्मयी कशीबशी म्हणाली.

“खरं नसताना?” यूफना खरोखरच कळत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता, आणि त्यामुळे मृण्मयीला भांडायलाही काही उरलं नाही. “माझ्या वर्गात अठ्ठावीस मुलं आहेत. आईपेक्षा मुलीला कोण जास्त ओळखणार? म्हणून मी तुमचं ऐकलं.”

मृण्मयीला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मग तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. परक्या बाईसमोर, मुलीच्या देखत, स्वतःच्या तोंडाने लेकीचं कौतुक केलं.

“माझी मुलगी हुशार आहे. मी कधीच तिच्या मागे लागत नाही, तशी वेळच येत नाही. ती पांघरुणात टॉर्च घेऊन वाचते. मला न सुटणारी गणितं ती सोडवते. शी इज ब्रिलियंट. हे लिहून घ्या.”

तिचे कान लालबुंद झाले होते.

यूफनी पेन उचललं. तसे आजही बदल करता येतील, त्या म्हणाल्या. मग रीतीप्रमाणे त्या ऋताकडे वळल्या आणि त्यांनी डचमध्ये विचारलं, “ऋता, तुझं काय म्हणणं आहे?”

ऋता आईकडे बघत होती. रागाने नाही. आजारी माणसाकडे बघावं तसं, जरा सांभाळून. मृण्मयीचं डच जेमतेमच, पण ऋता जे बोलली त्यातला शब्द अन् शब्द तिला कळला.

“आईला वाईट वाटलंय ना, म्हणून ती आज असं म्हणतेय,” ऋता समजुतीने म्हणाली. “आधीचंच खरं आहे, यूफ. आजीलासुद्धा ती फोनवर तेच सांगते.”